ड्यूटी दिली, ड्यूटी घेतली

परभणी,
२८ एप्रिल

बापू, जयभीम. मायलाही सांगा.

हे पत्र आणि तुमची नात, दोन्ही बन्सीधरभाऊंच्या स्वाधीन करतेय. ते रोज पूर्णेहून परभणीला नोकरीसाठी ये-जा करतात, तेव्हा आपलं टपालही त्यांच्याच पिशवीतून चालेल. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे मी विचारायचं अपेक्षाबद्दल आणि तुम्ही सांगायचं, "हो हो, जेवलो." चाळीस वर्षं इंजिनांच्या भोंग्यांशेजारी काढल्यावर कानांनी तरी किती करावं!

आता मुद्द्याचं. अपेक्षा चौथी पास झाली, पण कशी झाली ते तिच्या बाईंनाच ठाऊक. वर्गात तिसऱ्या हाकेला मान वर करते म्हणे. शाळा सकाळची, मी तहसीलमधून साडेसहाला येणार, तिचे पप्पा नोकरीपायी पुण्यात. बारापासून साडेसहापर्यंत घरात ती आणि माझा जुना मोबाईल. गुंतून राहील म्हणून मीच दिला होता. आता ती त्यातून निघत नाही. सतत कुठला तरी खेळ. काहीतरी मारामारीचं, धडाधड फुटणारं असणार. मी पाहिलेला नाही आणि मला बघवतही नाही.

मागच्या गुरुवारी मी ऑफिसातून आले, चार हाका मारल्या, हूं नाही की चूं नाही. मागून जाऊन मोबाईल हिसकावला. तर बापू, तिनं माझ्या दंडाला चावा घेतला. पाच दात उमटले. मग मीही दोन लगावल्या आणि दोघी दोन खोल्यांत रडत बसलो.

शाळेत पालकांसाठी एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. या वयात मेंदू घडत असतो, सतत खेळत बसलेल्या मुलांचं लक्ष टिकत नाही, राग आवरत नाही, असं ते सांगत होते. मला वाटलं माझ्याच घरातलं बोलतायत. म्हणून लातूरच्या एका निवासी शाळेत पाचवीसाठी तिचा अर्ज भरलाय. जागा पक्की करायची मुदत ३१ मे. या महिन्यात ती सुधारली तर माझ्याजवळ राहील, नाहीतर जूनमध्ये पेटी घेऊन लातूर. मला तिला पाठवायचं नाही, बापू. पण तिचं डोकं माझ्या डोळ्यांदेखत बिघडताना मी नुसती बघत बसू का?

मोबाईल सोबत दिलाय तो फक्त अडीअडचणीला. तो मायच्या लोखंडी कपाटात राहू दे, कुलपात. मी भेटायला येणार नाही. मी दिसले की ती रडते आणि ती रडली की मी ढिली पडते.

तुमची,
रोहिणी

० ० ०

पूर्णा,
२ मे

रोहिणी, जयभीम.

माल सुखरूप उतरवून घेतला, पावती म्हणून हे पत्र. बन्सीधर सांगत होता, अख्ख्या प्रवासात पोरगी एकच वाक्य बोलली. मिरखेलला गाडी थांबली तेव्हा विचारलं, "काका, समोरून कोणती यायलीय?" बन्सीधरला काही सांगता आलं नाही. वीस वर्षं ये-जा करतोय, पण ह्या गड्यानं कधी खिडकीबाहेर पाहिलं असेल तर शपथ.

मोबाईल कपाटात, किल्ली तुझ्या मायच्या कमरेला. तिजोरीवरचा शिपाई झोपेल, केशरबाई झोपायची नाही.

पहिले दोन दिवस लेकरू दारात बसून समोरच्या भिंतीकडं पाहत होतं. जेवताना उजवा अंगठा ताटाच्या काठावर आपला चालूच. तुझी माय म्हणाली, "ह्या लेकराचं बोट काय शोधायलंय?" शेजारच्या पोरी बोलवायला आल्या तर ही आत. मला काळजी वाटली, खोटं कशाला बोलू. काल मात्र रडली. मी जवळ बसलो, माझा चांगला कान तिच्याकडं केला. म्हणाली, "बापू, माझी गाडी मधीच उभी हाय. आईनं मोबाईल घेतला तवापासून तितंच उभी हाय."

मी विचारलं, कोणती गाडी? तिनं बराच वेळ सांगितलं. ते पुढं कधीतरी लिहीन.

एक विचारतो, रागावू नकोस. तो खेळ तू एकदा तरी पाहिलास का?

बाकी आमचं बरं चाललंय. दंडाला हळद लावलीस का?

तुझा,
बापू

० ० ०

परभणी,
८ मे

बापू, जयभीम.

हळद लावली. दातांच्या खुणा गेल्या, पण बाही खाली ओढायची सवय तेवढी राहिली.

बन्सीधरभाऊ काल तहसीलमध्ये येऊन सांगून गेले की पोरगी आता हसते, शेजारच्या मुलींत खेळते आणि सारखी गाड्यांबद्दल बोलते. तुम्ही स्टेशनवर नेता वाटतं तिला? न्या, रोज न्या. लहानपणी मीही तुमच्या सिग्नल केबिनच्या पायरीवर बसून गाड्या मोजायचे, मला कुठं मोबाईल लागत होता? आठ दिवसांत तुम्ही केलंत ते मला वर्षभरात जमलं नाही. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी, की माझ्या बापूंनी एका कुलपात काम केलं.

खेळ पाहिलास का म्हणता. विष चाखून बघायचं असतं का बापू?

घर फार शांत झालंय. साडेसहाला कुलूप उघडते आणि सवयीनं हाक मारते. मग ऑफिसच्या ग्रुपवरचे निरोप वाचत उभ्यानंच जेवते. त्या निरोपांना काही अंत नसतो.

तिच्या अभ्यासाचं कळवा. ३१ तारीख विसरू नका.

रोहिणी

० ० ०

पूर्णा,
१४ मे

रोहिणी, जयभीम.

पौर्णिमेला विहारात गेलो होतो. अपेक्षानं वंदना म्हटली, एकदाही अडखळली नाही. नंतर दोन वाट्या खीर खाल्ली आणि तिसरी माझ्या वाटीतली.

अभ्यासाचं विचारतेस. माझ्याकडचं जुनं वेळापत्रक ती मोठ्यानं वाचते, म्हणजे वाचन झालं. गणित तोंडी चालतं. मी म्हणतो, एक गाडी पूर्णेहून सव्वानऊला निघाली, मिरखेलला बावीस मिनिटं अडली, मागून दुसरी यायलीय, तर कोणाला कुठं थांबवायचं? डोळे मिटते आणि सांगते. हिला गणितात लक्ष नाही असं कोण म्हणतं त्याला माझ्याकडं पाठव. एका वेळी नऊ गाड्या डोक्यात ठेवते. मला अजून सातच जमतात.

एक वहीसुद्धा घातली आहे आम्ही, केबिनमध्ये असायची तशी. कोणी कधी ड्यूटी घेतली, कोणी कधी दिली. पोरीचं अक्षर सुधारायला बरी.

तुझी माय म्हणते, लिहा की दूध दोनदा उतू गेलं आणि तुमचा बाप समोर बसून होता. लिहिलं. वय झालं माझं, दुसरं काय? ती आणखीही काही लिहायला सांगतेय, पण कागद संपत आला.

तुझा,
बापू

(कागद उलटून पाहू नकोस, मागं जागा आहे.)

० ० ०

परभणी,
२० मे

बापू,

जयभीम. आज पत्र लांबवत नाही.

अपेक्षाजवळच्या मोबाईलचा अहवाल दर आठवड्याला माझ्या मोबाईलवर येतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय वापरलं, सगळं. इतके दिवस मी तो उघडलाच नाही. म्हटलं, कुलपातल्या मोबाईलचा कसला अहवाल? काल सहज उघडला.

५ मेपासून रोज खेळ! रोज, बापू! आणि मी इकडं ऑफिसात तुमचे गोडवे गातेय.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं की नातीनं आजोबांना गुंडाळलं. पण १८ मेचा रविवार बघा. त्या दिवशी साडेचार तास खेळ झालाय, सकाळी दहापासून. आणि त्या रविवारी आपली थोरली सविताताई अपेक्षाला पेडगावला लग्नाला घेऊन गेली होती. ताईनं मला फोटो पाठवलेत. अकरा वाजता अपेक्षा मांडवात आहे, पिवळा फ्रॉक, हातात बुंदी. मग पूर्णेत मोबाईल खेळलं कोण? मायला मोबाईल उलटा की सुलटा ते कळत नाही.

आता कळलं दूध का उतू जातं ते.

मला हसावं की रडावं कळेना. पण रडूच आलं. मी लेकराला वाचवायला तुमच्याकडं धाडलं आणि तुम्ही स्वतःच त्यात पडलात, वर खोटं लिहिलंत. तुम्ही कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

३१ ला मी स्वतः येतेय. तिला घेऊन थेट लातूरला जाईन. तिची पेटी भरून ठेवा.

रोहिणी

० ० ०

पूर्णा,
२२ मे

रोहिणी, जयभीम.

चोर पकडला गेला. गुन्हा कबूल. मायची काही चूक नाही, किल्ली मीच मागून घेतली. ती म्हणाली, "पोरगी बोंबलंल." मी म्हणालो, बोंबलू दे, मी निस्तरीन. आता निस्तरतो.

ती रडली त्या दिवसापासून ती उभी गाडी माझ्या डोक्यातून जाईना. चाळीस वर्षं गाड्या पुढं काढल्या मी, मधेच उभी गाडी मला सोसत नाही. पाच तारखेला म्हणालो, दाखव बरं तुझी गाडी.

बाई, तो मारामारीचा खेळ नाही. त्यात एक धडाका नाही. तो गाड्यांचा खेळ आहे! रूळ, सिग्नल, इकडून तिकडून येणाऱ्या गाड्या, आणि बोटानं काटे बदलून त्यांना ज्या त्या रुळावर घालायचं. म्हणजे माझं केबिन. माझं केबिन बंद करून सगळं बटणांवर नेलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो, आठवतं? ते तुझ्या पोरीच्या हातात होतं.

स्टेशनांची नावं ज्यानं त्यानं द्यायची असतात. हिनं दिलीत पूर्णा, मिरखेल, पिंगळी, परभणी. आणि परभणीच्या पुढं एक शेवटचं स्टेशन आहे, त्याचं नाव 'आई'. रोज साडेसहाच्या आत एक गाडी पूर्णेहून 'आई'पर्यंत न्यायची, असा तिचा स्वतःचा नियम. तू मोबाईल हिसकावलास तेव्हा गाडी परभणीहून सुटलेली होती.

मग मी शिकायला बसलो. पहिल्याच दिवशी सगळा घोटाळा. खेळात म्हणे आधी मालगाडी सोडली की गुण जास्त. मी मालगाडी रोखून एक्सप्रेस सोडली, ती उशिरात होती ना! पोरगी म्हणाली, "बापू, तुमी असं करायलाव म्हणून हरायलाव." मी म्हणालो, हरलो तरी चालेल, एक्सप्रेसच्या आधी मालगाडी मी जन्मात सोडलेली नाही. अकरा वेळा हरलो. पण तिनं अकराही वेळा न चिडता समजावलं. तिचा राग आवरत नाही म्हणतेस, मला तर त्या वयात एवढा धीर नव्हता.

आता माझं ऐक. नवव्या दिवशी, म्हणजे तेरा तारखेच्या मंगळवारी, सात गाड्या माझ्या बोटाखाली होत्या आणि तुझी माय चहा घेऊन आली. दोनदा हाक मारली म्हणते. मला तसंही ऐकू येत नाही, पण ती म्हणते की तुमचं न ऐकणं मला ओळखू येतं, हे निराळं होतं. तिनं मोबाईलवर हात ठेवला आणि मी ओरडलो, "थांब की!" पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. तिनं कप ठेवला आणि आत गेली. मला लाज वाटली, रोहिणी. आणि त्याच क्षणी तुझ्या दंडावरचे दात मला कळले.

मेंदूचं काय होतं ते डॉक्टर जाणे. मी पाहिलं तेवढं सांगतो. खेळानं पोरीचं डोकं मंद झालेलं नाही, उलट चपळ आहे. पण डोकं सोडवून घ्यायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हातारा असून मला सुटवेना, तर दहा वर्षांच्या लेकराचं काय? केबिनमध्ये आठ तास भरले की पुढच्या पाळीचा रिलीव्हर यायचा. खांद्यावर हात ठेवायचा. वहीत लिहायचं, ड्यूटी दिली, ड्यूटी घेतली, दोघांच्या सह्या. तोवर काटे बदलायचा लिव्हर सोडायचा नाही आणि सही झाल्यावर लिव्हरला बोट लावायचं नाही, लावलं तर मेमो. त्या खेळात रिलीव्हर नाही. एक गाडी पोचली की दुसरी दारात. तू रिलीव्हर म्हणून आलीस खरी, पण न सांगता, मागून, आणि हातातला लिव्हरच ओढलास. चालू गाडीत असं करत नाहीत.

म्हणून ती वही. चार ते पाच अपेक्षा, पाच ते साडेपाच मी, मधे सह्या. पहिल्या दिवशी तिनं पाच वाजता मोबाईल देताना दात-ओठ खाल्ले. चौथ्या दिवशी पाचला दोन मिनिटं कमी असताना स्वतःच आणून दिला. त्यानंतर ती शेजारच्या पोरींत गेली आणि मी खेळत बसलो. तेव्हा खरा बिघडलेला कोण ते तूच ठरव.

१८ तारखेचं मात्र काही सांगण्यासारखं नाही. घर रिकामं, मायही शेजारी पापड लाटायला गेलेली. म्हणालो, पंधरा मिनिटं. डोकं वर केलं तेव्हा अडीच वाजले होते आणि रक्तदाबाची गोळी तशीच. पोरगी पेडगावहून आली, वही पाहिली, त्यात सही नव्हती. तिनं मला रीतसर मेमो दिला. सध्या मी निलंबित आहे.

तुला खोटं लिहिलं ते चुकलं. खरं लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेली असतीस, ही भीती होती. वही बन्सीधरजवळ पाठवतोय, वाच. मग लातूरचं काय ते तू ठरव. आई तू आहेस. पेटी भरलेली नाही.

बापू

० ० ०

(याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर)

आई,

जयभीम. बापू म्हणाले तू पण लिही. मी चावले त्याचं मला लय वाईट वाटलं. अजून दुखायलंय का? मला तुला चावायचं नव्हतं. गाडी तुझ्याकडंच यायलती आणि तूच घेतलीस.

मी आता पाच म्हणजे पाचला देते. आजीला विचार. आजी खोटं बोलत न्हाई, बापू बोलतात.

बापूंना रागावू नको. त्यांना अजून आठ गाड्या जमत न्हाईत.

लातूरला मोबाईल नेऊ देत न्हाईत ते मला ठाऊक हाय. पण वही नेऊ देतील का? आणि तितं सही कोण करंल?

तुझी,
अपेक्षा

० ० ०

परभणी,
२६ मे

बापू, जयभीम.

तुमचं पाकीट शुक्रवारी मिळालं. बन्सीधरभाऊ वही हातात देताना म्हणाले, "ताई, गाडीत वाचली मी, माफ करा. मिरखेल कधी आलं कळलंच न्हाई." चला, निदान तुमच्यासारखे आणखी एक बिघडले.

पत्र वाचून आधी तुमच्यावर चिडले, मग चिठ्ठी वाचून दाराला कडी लावली आणि खूप रडले. रविवारी वही घेऊन बसले, पहिल्या पानापासून. तिचं अक्षर सुरुवातीला रुळावरून घसरलेलं, मग सरळ होत गेलेलं. "१४ मे. ड्यूटी दिली. देऊ वाटत नव्हती." "१६ मे. ड्यूटी दिली. बापूंनी सही करायला चष्मा शोधला, माझी तीन मिनिटं जास्त झाली, माझी चूक न्हाई." १८ तारखेचा मेमो वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. "श्री. सटवाजी यांनी रिलीव्हर नसताना साडेचार तास ड्यूटी केली. गोळी घेतली न्हाई. जेवले न्हाईत. कारण द्यावे." आणि खाली तुमचं कारण, "मोह झाला." बापू, सरकारी दप्तरात इतकं खरं कारण मी कधी वाचलेलं नाही.

मग २१ मेचं पान आलं. ते इथं उतरवून काढते, कारण वही मला परत द्यावी लागेल.

"पाच वाजले. गाडी परभणीच्या पुढं, 'आई'च्या अलीकडं उभी. एक मिनिट लागलं असतं. पण ड्यूटी संपली. बापू निलंबित हायत म्हणून आजीनं सही केली. गाडी कोणी नेऊ नये. उद्या मी नेईन."

खाली मायचा अंगठा.

ज्या गाडीपायी तिनं मला चावा घेतला होता, तीच गाडी, तिथंच, तिनं स्वतःच्या हातानं उभी केली आणि खेळायला निघून गेली. कुणी हिसकावलं नाही. हे मी पाच-सहा वेळा वाचलं.

आता माझाही मेमो लिहून घ्या. त्या व्याख्यानातून मी अर्ध्यातून उठून आले होते. डॉक्टर म्हणत होते, "पण याची दुसरी बाजूही..." आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, मी बाहेर गेले, ती परत आत गेलेच नाही. काल त्याच डॉक्टरांना गाठून विचारलं, दुसरी बाजू कोणती? ते म्हणाले, खेळ कोणता आहे ते पाहा, वेळ ठरवा, झोप आणि मैदानी खेळ सांभाळा, आणि मुख्य म्हणजे लेकराशेजारी बसून एकदा तरी खेळून बघा. चार वाक्यं होती बापू. ती ऐकायला मला महिना लागला, आणि त्यापायी मी लेकराला लातूरला धाडायला निघाले होते.

अर्ज मागं घेतला. आज सकाळी फोन करून सांगितलं.

३१ ला मी येतेय, पण पेटीसाठी नाही. मला शिकवायला सांगा तिला. एक्सप्रेस आधी की मालगाडी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

रोहिणी

ता. क. तुमचं निलंबन उठवायला मी सांगणार नाही. ते अधिकार माझ्याकडं नाहीत.

० ० ०

परभणी,
१८ जून

बापू, माय, जयभीम.

शाळा सोमवारी सुरू झाली. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, सुटीत काय केलं? अपेक्षा म्हणाली, "आजोबांना मेमो दिला." बाईंचा निरोप आलाय, भेटून जा म्हणून. जाईन, आणि यावेळी फोन घरी ठेवून जाईन.

दुपारी ती आता माझ्या मैत्रिणीच्या मुलींसोबत असते. मोबाईल साडेपाच ते साडेसहा. साडेसहाला मी रिलीव्हर. आधी दारातून आवाज देते, मग शेजारी बसते, ती म्हणते "थांब, ही एक स्टेशनात घेते," आणि ती घेईपर्यंत मी थांबते. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. वर्षभर त्या दोन मिनिटांवरून आम्ही भांडत होतो.

चारच गाड्या जमतात मला. ती म्हणते, "बापूंपेक्षा तू लय हळू हायस." तुम्हाला बरं वाटेल म्हणून कळवलं. सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. परवा सही करताना तिनं वही आपटली. मी वहीत लिहिलं, "वही आपटली." तिनं वाचलं आणि खाली लिहिलं, "मोह झाला."

काल मला ऑफिसातून यायला पावणेसात झाले. धावतपळत जिना चढले. दारात ती वही घेऊन उभी. "रिलीव्हर पंधरा मिनिटं उशिरा. कारण लिहा." मी लिहिलं. "साहेबांनी थांबवलं." सही केली. तिनं मोबाईल दिला आणि हात पुढं तसाच ठेवला. "आता तुझा."

मी म्हटलं, माझा कशाला?

"सकाळपासून तूच हायस ड्यूटीवर. तुला कोणी सोडवायला येतच न्हाई."

बापू, मी दिला. वहीत पहिल्यांदा उलट्या बाजूनं सह्या झाल्या. ड्यूटी दिली, रोहिणी. ड्यूटी घेतली, अपेक्षा. दोन्ही मोबाईल कपाटात ठेवले आणि आम्ही पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटली. ती अखंड बोलत होती. ऑफिसच्या ग्रुपवर काय चाललं होतं कोण जाणे, पण तहसील सकाळी होतं तिथंच होतं.

जेवताना आठवलं. सही करताना पडद्यावर तिची गाडी मला दिसली होती, परभणी सोडून 'आई'च्या अलीकडं उभी. तिला वेळ होता, मीच उशिरा आले होते. पंधरा मिनिटांत तिनं ती सहज नेली असती. मी विचारलं, का गं, नेली का नाहीस?

भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "जिन्यात तुझ्या पायांचा आवाज आला. तू आलीस की. आता त्या गाडीची काय घाई हाय?"

तुमची,
रोहिणी